काका परत गेले

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला मनीषनगरातल्या पेट्रोल पंपासमोर ‘पहाट टोळी’च्या चौदा मोटारसायकली उभ्या होत्या. दर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर जायचं, कुठंतरी पोटभर नाश्ता करायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं, एवढाच या टोळीचा कार्यक्रम. त्या दिवशी भिवापूरच्या अलीकडच्या एका टपरीवर तर्रीपोहे ठरले होते.

टोळीची कॅप्टन मिनल वंजारी. दातांची डॉक्टर, वय चाळीसच्या आसपास, आवाज खणखणीत. तिने थंडीत हात चोळत कामं वाटली आणि हर्षित भोयरकडे बघून म्हणाली, “आज स्वीप तू.”

स्वीप म्हणजे रांगेतला शेवटचा गडी. पुढे कॅप्टन, मागे स्वीप. कोणाची गाडी बंद पडली, कोणी वाट चुकलं, कोणी पडलं, तर थांबायचं ते स्वीपने. त्याने कोणालाही ओलांडून पुढे जायचं नाही. टोळीत दुसरे नियम मोडले जायचे, हा कोणी मोडत नसे.

हर्षित चौतीस वर्षांचा होता, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला. दोन महिन्यांपूर्वीच त्याने नवी, ताकदीची गाडी घेतली होती आणि ती मोकळ्या रस्त्यावर सोडायला त्याचे हात शिवशिवत होते. स्वीपचं नाव ऐकून तो मनातून खट्टू झाला. कारण रांगेत त्याच्या पुढे असणार होते धम्मानंद मेश्राम.

धम्मानंदकाका सहासष्ट वर्षांचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची येझदी शहाऐंशी साली घेतलेली, अजून चकचकीत. ते तिला पन्नासच्या वर नेत नसत. “पन्नासच्या वर गेलं का गाडी बोलते, अन् पन्नासच्या खाली आलं का मी बोलतो,” असं म्हणून स्वतःच हसायचे. इंदोऱ्याच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी ग्रंथवाचन तेच करायचे, त्यामुळे परतीला कधी उशीर झालेला त्यांना चालत नसे. टोळीत सगळ्यांना ते आवडायचे. हर्षितलाही आवडायचे, फक्त त्यांच्या मागे गाडी चालवायला आवडायचं नाही.

उमरेडपर्यंत तो मुकाट्याने मागे राहिला. समोर येझदीचा निळसर धूर, बोटं गारठलेली, पोटात काही नाही. बाकीचे कधीच दिसेनासे झाले होते. उमरेडच्या पुढे कोळशाच्या ट्रकांची गर्दी असते म्हणून मिनलने आतला रस्ता धरायचं ठरवलं होतं. शेतांमधून बारा-तेरा किलोमीटर जायचं आणि मग पुन्हा मोठ्या रस्त्याला लागायचं. त्या फाट्यावर काकांनी हात दाखवून गाडी आत वळवली, मागे हर्षितने.

रस्ता सरळ होता, पार रिकामा. दोन्ही बाजूंना धुकं उतरलेली शेतं. तीनेक किलोमीटर गेल्यावर हर्षितला राहवलं नाही. पुढे जाऊन एखाद्या पुलावर थांबू, असं त्याने स्वतःला सांगितलं. काकांच्या बाजूने जाताना अंगठा दाखवला. काकांनीही हँडलवरचा हात सोडून अंगठा दाखवला. मग त्याने गाडी सोडली. ऐंशी, शंभर, एकशे दहा. सकाळपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

पूल आला, तो थांबला नाही. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी मात्र थांबला. पुढे कोणाला सांगताना तो ‘दोन मिनिटं’ म्हणायचा, पण एक मिनिटही थांबला नव्हता. समोर अर्ध्या किलोमीटरवर टपरीबाहेर लावलेल्या गाड्या दिसत होत्या. काका येतीलच दहा मिनिटांत, असं म्हणून तो तिकडे गेला.

टपरीवर मोठ्या पातेल्यात तर्री उकळत होती. पोह्यांची पहिली प्लेट हातात आली, त्यावर लालभडक रस्सा पडला, आणि तेवढ्यात मिनलने डोकी मोजली.

“हर्षित, काका कुठंय?”

‘मागे आहेत’ एवढं म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तू पुढे कसा? बारा जण त्याच्याकडे बघत होते.

“काका परत गेले,” तो म्हणाला. “आतल्या रस्त्याले लागायच्या आधीच. थंडी वाजून राहिली म्हणे, घरी जातो.”

“मले फोन करायचा ना.”

“रेंज नव्हती तिथं.”

“बरं झालं गेले तर,” मिनल म्हणाली. “एवढ्या धुक्यात कशाले ताण घ्यायचा.” आणि तिने प्लेट उचलली.

पुढची काही मिनिटं हर्षितचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. आता येझदीचा आवाज येईल, काका उतरतील, आपली फजिती होईल, सगळे हसतील. फजितीला तो तयार होता. येझदी आली नाही. सव्वाआठ वाजले, साडेआठ झाले. ते खरंच परत फिरले असतील, असंही त्याला वाटायला लागलं.

जॅकेट गाडीवर टाकलं होतं. त्यातून फोन काढला तेव्हा काकांचे दोन मिस्ड कॉल दिसले. एक सात बावन्नचा, एक सात अठ्ठावन्नचा. त्याने लगेच लावून पाहिला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मिनल दहा पावलांवर उभी होती, कोणाला तरी दातदुखीवर सल्ला देत होती. जाऊन सांगायला दहा पावलं लागली असती. काका घरी पोचून आपल्याला झाडायला फोन करत असतील, असं ठरवून त्याने फोन खिशात ठेवला.

आठ चाळीसला त्याच नंबरवरून फोन आला. बोलणारी बाई होती.

“या फोनवाला मानूस इथं पडून हाये जी. पाय मोडला. तुमी कोन?”

सगळे निघाले. आतल्या रस्त्याने आठ किलोमीटर मागे, एका वळणावर, येझदी आडवी पडली होती. रस्त्यावर बैलगाडीतून सांडलेलं तणस दवाने ओलं झालं होतं, त्यावरून चाक घसरलं होतं. काका खड्ड्याच्या कडेला पडले होते, डावा पाय नको तसा वळलेला, अंगावर एक मळकी शाल. शाल त्या बाईची होती. रुखमाबाई तिचं नाव, मिरची तोडायला शेतात चालली होती. काकांचे डोळे अर्धे उघडे होते, पण ते कोणाला ओळखत नव्हते.

मिनलने त्यांच्या पायाला आधार बांधला, कोणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. हर्षित रस्त्याच्या कडेला नुसता उभा होता. रुखमाबाई त्याच्याजवळ आली.

“मी आली तवा बोलत होते,” ती म्हणाली. “पुढं माझा मानूस गेला म्हने, तो येतेच परत. मी म्हनलं गावातून कोनाले बलावते, तर म्हने राहू दे बाई, तो येतेच. मंग बोलनं बंद झालं. तवा मीच फोन दाबला.”

हर्षितने आजूबाजूला पाहिलं. हे दुसऱ्या कोणी ऐकलेलं नव्हतं. रुखमाबाईने ॲम्ब्युलन्स गेल्यावर शाल झटकली आणि ती शेताकडे निघून गेली.

“पण हे तर आत सापडले,” मिनल म्हणाली. “अन् गाडीचं तोंड भिवापूरकडं. तू तर म्हणला परत गेले.”

“मलेच समजून नाही राहिलं,” हर्षित म्हणाला. “मले तर तसंच म्हणले.”

पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं. हे दुसरं तो नीट विचार करून बोलला.

नागपूरच्या दवाखान्यात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडात सळई टाकली. डोक्याला मार होता, पण जिवाला धोका नव्हता. काकांची मुलगी दीक्षा गणिताची शिक्षिका होती. ती शांतपणे सगळ्यांना एकेक गोष्ट विचारत होती. काकांचा फोन तिच्या हातात होता.

“बाबांनी तुम्हाला दोनदा फोन केला होता.”

“जॅकेट गाडीवर होतं,” हर्षित म्हणाला. हे खरं होतं.

“असू द्या. तुम्हाला काय माहीत,” ती म्हणाली, आणि हर्षितला वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका तिसऱ्या दिवशी बोलायला लागले. उमरेडला चहाची टपरी दिसल्याचं त्यांना आठवत होतं, त्याच्या पुढचं काही नाही. डोक्याला मार बसला की त्याच्या आसपासचं असं पुसलं जातं, डॉक्टर म्हणाले. पण दीक्षाच्या मनात वेगळीच गोष्ट घर करून बसली होती. पडायच्या आधीच बाबा घरी जातो म्हणाले आणि गेले उलट्या दिशेला. म्हणजे गोंधळ पडण्याच्या आधीपासून होता.

मग घरात मागचं सगळं आठवायला लागलं. दिवाळीत गॅस चालू राहिला होता. एकदा चष्मा डोक्यावर असून शोधत होते. भाचीच्या लग्नाची तारीख दोनदा विचारली होती. कोणत्याही सहासष्ट वर्षांच्या माणसाच्या घरी निघाल्या असत्या अशा या गोष्टी, पण आता त्या सगळ्या एका माळेत ओवल्या गेल्या.

हर्षित दर रविवारी इंदोऱ्याला काकांच्या घरी जायला लागला. टोळीबरोबर जाणं त्याने सोडलं होतं. गेला नाही तर चैन पडत नसे, गेला की बसवत नसे. काकांची बायको अंजनाबाई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत.

“बाकीचे येऊन गेले एकेकदा,” त्या वाढता वाढता म्हणायच्या. “तूच येतं बापू. पोटच्या पोरासारखं करून राहिला.”

तो मान खाली घालून वाढलेलं संपवायचा.

जानेवारीत दीक्षाने काकांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. नंतर काकांनी स्वतःच हर्षितला सांगितलं. पलंगावर उशीला टेकून बसले होते, आवाज हळू.

“घड्याळ काढाले लावलं गा मले. त्यात पावणेअकरा दाखवा म्हणे. पस्तीस वर्षं रेल्वेत घड्याळाच्या ठोक्यावर काम केलं मी. काटा जरा वाकडा गेला, तर पोरगी माझ्याकडं कशी पाहत होती...”

“डॉक्टर काय म्हणले?”

“सध्या काही दिसत नाही म्हणे. पण त्या दिवशी जे झालं ते बरोबर नाही, लक्ष ठेवा.” त्यांनी पांघरूण नीट केलं. “आता विहारात वाचन बंद केलं मी. पाय बरा झाला तरी नाही जात. मधातच विसरलो तर? लोकं बसून राहतात समोर.”

उशीजवळ एक वही होती. अंजनाबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. काकांचा डोळा लागल्यासारखा झाला, तशी हर्षितने ती उघडली. सुबक, सरळ रेषेतलं अक्षर. सकाळी सात, चहा. साडेसात, गोळी. दहा, दीक्षाचा फोन, थंडी आहे म्हणाली. रोजची पानं अशीच. प्रत्येक पानाच्या शेवटी मात्र एक ओळ होती, तीच ओळ, बावीस-तेवीस दिवस.

‘हर्षितला सांगितले, घरी जातो. आठवत नाही.’

एका पानावर त्याच्याखाली आणखी लिहिलं होतं, ‘आज पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही.’

“वाचलं काय?” काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

हर्षितने वही मिटली.

“काका, तुम्ही आठवून काहून राहिले?”

“काहून म्हणजे? तेवढं एक सापडलं तं बाकीचं बी डोक्यात आहे असं होईल ना. कुठं बोललो, कसा बोललो, तू काय म्हणला. तू सांग ना पुन्हा. नीट सांग. मी गाडी थांबवली होती का चालू होती?”

ते डोळे उघडून वाट बघत होते, शाळेतल्या मुलासारखे.

“काका, तुम्ही तसं बोललेच नव्हते.”

“अं?”

“घरी जातो असं तुम्ही म्हणलेच नाही. मी खोटं बोललो. मी स्वीप होतो अन् तुम्हाले ओलांडून पुढं निघून गेलो. टपरीवर मिनलनं विचारलं तर घाबरलो, म्हणून तसं सांगितलं. तुम्ही बरोबर रस्त्यानंच येऊन राहिले होते. भिवापूरकडंच. त्या बाईले तुम्ही सांगितलं होतं, पुढं माझा माणूस गेला, तो परत येतेच. मी आलो नाही.”

काका भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि हर्षितने जे अपेक्षिलं नव्हतं तेच झालं. ते हसले.

“म्हणजे मी बोललोच नाही?”

“नाही काका.”

“बोललोच नाही तं आठवीन कसा?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “अंजना! अंजना, इकडं ये वं! आइक हा काय म्हणते. मी बोललोच नव्हतो वं! डोकं साबूत आहे माझं!”

अंजनाबाई कपबशा घेऊन दारात आल्या. काकांनी त्यांना दोनदा सांगितलं, आनंदाने, अडखळत. त्यांना पहिल्यांदा नवऱ्याचं हसू दिसलं, मग शब्द समजले. त्यांनी चहा टेबलावर ठेवला. हर्षितकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. तो चहा कोणी त्याला घे म्हटलं नाही.

दीक्षा संध्याकाळी यायची होती. हर्षित थांबला. पळून जायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. तिला त्याने पुन्हा सगळं सांगितलं, मिस्ड कॉल पाहून फोन खिशात ठेवला ते सुद्धा. ती दारात चप्पल घालूनच ऐकत होती.

“सात बावन्न ते आठ चाळीस,” ती म्हणाली. “पाऊण तासाच्या वर. मोडलेला पाय घेऊन, त्या थंडीत.”

“हो.”

“पाय तसाही मोडला असता, ते मला कळतं. तुम्ही मागे असता तरी गाडी घसरलीच असती.” आवाज अजून शांत होता. “पण मी माझ्या बाबांना घड्याळ काढायला लावलं, हर्षित. मी त्यांच्याकडून घराच्या किल्ल्या काढून घेतल्या. तुम्ही दर रविवारी इथं बसून जेवत होता आणि मी हे करत होते.”

तिने दारातून बाजूला होऊन वाट मोकळी केली.

“जा तुम्ही,” ती म्हणाली.

त्याने टोळीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, काही न लपवता. दोघा-तिघांनी वाईट शब्दांत सुनावलं, एकाने ‘होतं असं कधी’ म्हणून समजूत काढली. त्या समजुतीचाच त्याला जास्त त्रास झाला. मिनलने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून ती थेट त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी आली.

“टोळीत तुले आता नाही ठेवता येणार,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“अन् एक सांगते. परत गेले म्हणला तेव्हा मी काकांना एक फोन लावू शकत होती. पोचले काय, एवढंच विचारायले. माझ्या हातात प्लेट होती.” ती गाडीच्या आरशाकडे बघत होती. “तुले बरं वाटावं म्हणून नाही सांगून राहिली.”

आठ-दहा दिवस गेले. काका आपल्याला माफ करतील, केलंच आहे, असं हर्षितला वाटत होतं. त्यांचा तो हसरा चेहरा त्याला सारखा दिसायचा. एका सकाळी तो कामाला निघत असताना त्यांचा फोन आला. त्याने पहिल्या घंटेला उचलला.

“हर्षित?”

“बोला काका. पाय कसा आहे?”

“पाय आहे,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी लय खूश झालो होतो. तुले वाटलं असेन, काकाले राग नाही आला.”

“हो काका.”

“मले बी तसंच वाटलं होतं. पण आता येऊन राहिला. मागच्या चार दिवसापासून. सकाळी उठलो का येते, पाय हलवला का येते. त्या खड्ड्यातलं काही आठवत नाही मले, पण मी तुझी वाट पाहत होतो हे तू सांगितलं, अन् आता तेच डोळ्यापुढं येते. खोटं कशाले बोलू, म्हणून फोन केला.”

“काका, मी येऊन जाऊ काय आज?”

“नको. तेच सांगाले केला फोन. येऊ नको. माझ्या घरात तुले पाहून मले चांगलं बोलता येणार नाही, अन् वाईट बोलाची माझी सवय नाही. मी बोलावीन कधी. नाही बोलावलं तं समजून घे.”

“बरं काका,” हर्षित म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तो जिन्यात बराच वेळ उभा राहिला. वरच्या मजल्यावरचा माणूस कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरला, तेव्हा त्याला बाजूला सरकावं लागलं.

मार्चमध्ये दाढ दुखायला लागली म्हणून तो मिनलकडे गेला. दुसऱ्या कोणाकडे जाता आलं असतं, पण तिच्याकडेच गेला. दाढेत औषध भरताना तिने स्वतःहून सांगितलं, काका आता काठी घेऊन चालतात. डावा पाय जरा आखूड पडतो. येझदीला किक मारणं आता जमणार नाही, पण मागच्या रविवारी विहारात गेले होते. दीक्षा पहिल्या रांगेत बसली होती. काकांनी ठरलेली पानं वाचली, कुठंही अडले नाहीत, वर दोन पानं जास्तच वाचली.

हर्षितचं तोंड उघडं होतं, त्यामुळे त्याला बोलता येईना. तिने हात बाजूला घेतला तेव्हा त्याने विचारलं, “माझं काही विचारलं काय?”

“नाही,” मिनल म्हणाली, आणि त्याला चूळ भरायला सांगितलं.